अडतीस घरं फोन उचलत नाहीत

स्टुडिओच्या दारावरचा लाल दिवा त्या दिवशी गेला होता. म्हणूनच तो आत शिरला, नाहीतर शिरला नसता.

ती माईकसमोर होती, कार्यक्रम थेट चालू, कानावर हेडफोन. दार कुरकुरलं आणि एका पुरुषाचा आवाज सरळ हवेत गेला, "माफ करा, मोजणी विभाग कुठे आहे?"

तिने बोलणं थांबवलं नाही. एक बोट ओठांवर ठेवलं, दुसऱ्या हाताने कोपऱ्यातली खुर्ची दाखवली. तो बसला. काचेपलीकडे यंत्रं सांभाळणाऱ्या बटनकाकांनी कपाळावर हात मारून घेतला. आणि हा गडी पुढची वीस मिनिटं श्वाससुद्धा जपून घेत बसून राहिला. मांडीवर फायली आणि नजर... नजर दुसरीकडे ठेवायला त्या खोलीत होतं काय? भिंतींना करडं कापड, खिडकी नाही. फक्त ती. पत्रं वाचताना स्वतःशीच हसणारी, आणि दु:खाची बातमी आली की माईकच्या जरा जवळ सरकणारी.

साडेसहाला तिने हेडफोन काढला. "बोला आता. कसा वाटला कार्यक्रम?"

"एक शब्द कळला नाही."

"तरी वीस मिनिटं बसलात?"

"दार वाजतं तुमचं."

"अस्सं! मला वाटलं माझ्यासाठी बसलात."

तो लाजला. चांगला कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. तिला मजा वाटली... पण लगेच तिची नजर त्याच्या फायलींवर गेली. "तुम्ही मुख्यालयातून आलात. श्रोते मोजायला."

"हो," तो म्हणाला. "मीच मोजणीवाला."

सरकारी रेडिओ होता तो. दिवसभर सगळं मोठ्या भाषेत, आणि संध्याकाळी सहा ते साडेसहा तिच्या भाषेत. नदीपलीकडच्या वस्तीतली, आणखी थोड्या गावांतली माणसं ती भाषा बोलायची. बातम्या, पत्रं, कोण आजारी, कुणाला नातू झाला. केंद्रात तिला सगळे 'अर्धा तास' म्हणायचे. "काय अर्धा तास, आज लवकर?" असं. आता वर ठरत होतं की त्या वेळेत मोठ्या भाषेतला सामन्यांच्या गप्पांचा कार्यक्रम घ्यायचा. ऐकणारे लाखो. हिचे ऐकणारे किती, ते मोजणीवाल्याने शुक्रवारपर्यंत सांगायचं. आकडा वाईट आला की अर्धा तास संपला. तिची नोकरी पण, पण तिला जास्त लागलं होतं ते दुसरंच. तिची भाषा दुसरीकडे कुठेच ऐकू येत नव्हती. शाळेत नाही, टीव्हीवर नाही.

म्हणजे हा माणूस शत्रूच. पण शत्रूने असं वागू नये ना! तो रोज पावणेसहाला काचेपलीकडे यायचा, ती सुरू करेपर्यंत बटनकाकांशेजारी उभा राहायचा आणि मग मोजायला जायचा. एकदा तिने विचारलं, "एक शब्द कळत नाही, मग बघता काय?"

"तुम्ही सुरू करायच्या आधी एकदा डोळे मिटता. ते बघतो."

"हेही फॉर्ममध्ये भरता?"

"रकाना नाहीये... नाहीतर भरलं असतं."

बटनकाका तेवढ्यात म्हणाले, "पोरांनो, माईक चालू नाही म्हणून बरं आहे."

बुधवारी ती त्याच्या खोलीत गेली. टेबल, एक फोन, चिठ्ठ्या टाकून काढलेल्या नंबरांची यादी. "खरं सांगा. किती आले?"

त्याने यादी आपल्याकडे ओढली.

"सांगा हो. मी काय आज रडके सूर काढणार आहे?"

"चार."

"चार?" ती ओरडलीच. "अहो, माझ्या मावश्याच चार आहेत!"

त्याला हसू आलं, मग त्याने ते गिळलं. पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "माझ्या मनात आलं होतं... चाराचे चाळीस करावेत. कोण बघतंय?"

"खबरदार! मला आकड्यांची भीक नको."

"करणार नव्हतोच. पण मनात आलं, ते तुमच्यापासून लपवावंसं वाटेना."

आता अशा माणसावर चिडायचं तरी कसं? ती त्याच्यावर चिडायच्या ऐवजी यादीवर चिडली. कागद भराभरा उलटले. 'घरी नाही', 'घरी नाही', 'घरी नाही'... वस्तीतले अडतीस नंबर, सगळ्यांपुढे तेच. आणि मग तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

"हा आमच्या घरचा नंबर आहे."

"चिठ्ठीत निघाला. कुणी उचलला नाही म्हणून..."

"उचलला नाही? आई घरी नाही? अहो, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तिचं! दोन महिने उंबरठ्याबाहेर पाय नाही. कधी लावला होता फोन?"

त्याने वेळेचा रकाना पाहिला. "मंगळवार. सहा वाजून दहा मिनिटं."

तिने तिथलाच फोन उचलून घरी लावला आणि आवाज मोठा केला. आईला मोठी भाषा मोडकीतोडकी यायची, तीच तिने बोलायला लावली, म्हणजे त्यालाही कळावं.

"आई, मंगळवारी संध्याकाळी फोन वाजला होता?"

"वाजला की. दहा-बारा वेळा वाजला. कोण मेला एवढा चिकट होता देव जाणे."

मोजणीवाल्याने मान खाली घातली.

"मग उचलला का नाहीस?"

"तुझा आवाज चालू असताना? वेड लागलंय मला? इथे कुणीच उचलत नाही बाई. सहा ते साडेसहात कुणी गेलं तरी साडेसहानंतरच कळवतात!"

फोन ठेवला. मग तोच हळू बोलला, स्वतःला समजावत असल्यासारखा. "माणसं कामावरून घरी येतात म्हणून आम्ही सहाला सुरुवात करतो. दहा रिंगा. नाही उचलला तर 'घरी नाही', पुढचा नंबर. म्हणजे जे ऐकत होते ते मला सापडलेच नाहीत. आणि फोनवर आले ते बहुतेक न ऐकणारेच."

"मग बसलात काय? लावा सातला सगळ्यांना! मी मदत करते."

तिचा हात टेबलावर होता, त्याच्या हातापासून चार बोटांवर. त्याने त्या हाताकडे बघितलं. खूप वेळ... आणि आपला हात मागे घेतला.

"मी नाही लावणार."

"का?"

"शुक्रवारी कळेल."

"वरच्यांना घाबरता?"

त्याने यादी फायलीत घातली. ती दाणदाण पाय आपटत निघून गेली.

गुरुवारी तो काचेपलीकडे आलाच नाही. तिने सुरू करायच्या आधी डोळे मिटले, आणि उघडल्यावर नजर तिकडेच गेली, मेली. रिकामी जागा. आपल्याला राग आलाय की करमत नाहीये, हेच तिला कळेना. पत्र वाचताना एक ओळ दोनदा वाचली. बटनकाकांनी नंतर नुसतं "हं" केलं.

शुक्रवारी बैठक. केंद्रप्रमुख बाई चष्मा लावून अहवाल मोठ्याने वाचायला लागल्या. टेबलाभोवती सात-आठ जण, त्यात ती आणि बटनकाकाही. मोजणीवाला अगदी टोकाला, इस्त्रीचा शर्ट, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा.

"कार्यक्रमाच्या वेळेतच फोन केल्यामुळे अडतीस घरं मोजणीतून सुटली. ही चूक माझी आहे. त्यांना सातनंतर पुन्हा फोन व्हावेत, तोवर निर्णय घेऊ नये." बाईंनी मान डोलावली. "बरोबर आहे. मग पुढे... मात्र हे फोन मी करू नयेत. कारण..." त्या थांबल्या. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हे वाचू?"

"लिहिलंय तर वाचाच," तो म्हणाला.

"कारण या कार्यक्रमाच्या निवेदिकेवर माझं प्रेम बसलं आहे. त्यांना याची कल्पना नाही. यापुढे मी काढलेला आकडा कुणी खरा मानणार नाही, आणि मानूही नये. ही मोजणी दुसऱ्या कुणाकडे द्यावी."

कुणीतरी कप बशीत ठेवला, तो केवढ्याने वाजला! बटनकाकांना खोकला आला, खोटा. तिला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. आणि त्याच वेळी वाटलं, छे, आत्ता नको. हे वाक्य पुन्हा एकदा ऐकू दे, मग दुभंग.

आता तुम्ही विचाराल, कार्यक्रमाचं काय झालं? सांगून टाकतो. मुख्यालयातून एक बाई आल्या, नाकावर माशी बसू न देणाऱ्या. त्यांनी सातनंतर अडतीस फोन केले. तेहतीस घरं रोज ऐकत होती, आणि त्यातल्या कित्येकांनी त्यांना तासभर सोडलं नाही. अर्धा तास राहिला. पण हे तीन आठवड्यांनी. त्या शुक्रवारी कुणालाच काही माहीत नव्हतं, आणि मला सांगायचंय ते त्या शुक्रवारचं.

बैठक संपली. त्याला मोजणीवरून काढलं होतं, संध्याकाळी परत जायचं होतं. तिने त्याला जिन्यात गाठलं.

"चार लोकांत! लाज नाही वाटली?"

"खूप वाटली."

"मला आधी सांगता येत नव्हतं? परवा, तिथेच, टेबलापाशी?"

"तेव्हा तुमचा अर्धा तास माझ्या हातात होता," तो म्हणाला. "तुम्ही हो म्हणाला असतात तर ते मला, की कार्यक्रमाला... मला जन्मभर कळलं नसतं. आणि नाही म्हणायची तुम्हाला भीती वाटली असती." जिन्यावरून दोघं जण खाली गेले, मान वळवून बघत बघत. तो भिंतीला चिकटला, ते गेल्यावर पुन्हा बोलला. "आता माझ्या हातात काहीच नाही. म्हणून आता विचारतो. निकाल लागू दे, मग सांगा हवं तर."

ती कठड्याला धरून उभी राहिली. छाती धडधडत होती. माईकसमोर कधी अशी धडधडली नव्हती.

"निकाल वाईट लागला तर मी रडत असेन," ती म्हणाली. "चांगला लागला तर नाचत असेन. दोन्ही वेळी माझं डोकं ठिकाणावर नसणार."

"मग?"

"मग आत्ताच सांगते. आत्ता आहे ठिकाणावर." आणि ती एक पायरी खाली उतरली, त्याच्या पायरीवर. "हो."