सतार कुणाच्या दारी

पार्सलवर पत्ता लिहिणं बंद होऊन सहा वर्षं झाली होती, पण मिरजेच्या जैबूनबींचा नव्या चिठ्ठीवरचा राग काही उतरला नव्हता. ऑनलाइन जुनी वाद्यं विकायची, तर चिठ्ठी कधी छापलीच जायची नाही, कधी चिकटवल्याबरोबर लाल होऊन नाकारली जायची. एकदा तर नाशिकला धाडलेला तबला फिरून त्यांच्याच दारात आला.

"ती अंगखूण आहे, चाची," चिठ्ठी केंद्रातली वैदेही मगदूम न कंटाळता समजावायची. प्रत्येकाच्या कातडीवर सूक्ष्मजीवांची वस्ती असते आणि ती कुणा दोघांची सारखी नसते. गिऱ्हाईक आपली ही खूण चिठ्ठीत भरून पाठवतं. वाटेतल्या केंद्रांमधली यंत्रं ती हुंगतात आणि माणूस जिथे असेल तिथे वस्तू नेऊन देतात. अट एकच, पाठवण्याआधी वस्तू स्पिरिटने पुसायची, म्हणजे जुन्या हातांची खूण उरत नाही.

आता सतारीला स्पिरिट लावा म्हणणाऱ्याला मिरजेत कुणी दारात उभं करणार नाही. लाखेचं पॉलिश क्षणात उतरतं. म्हणून जैबूनबींनी इर्शादची सतार कोरड्या फडक्याने पुसून अमरावतीच्या गिऱ्हाइकाला धाडली. इर्शाद त्यांचा एकुलता एक. अकरा वर्षांपूर्वी बापाशी कडाकडा भांडून गेला, तो बापाच्या मयतीलाही आला नाही.

आठ दिवसांनी अमरावतीहून तक्रार आली, सतार मिळालीच नाही. चिठ्ठीची नोंद मात्र 'पोहोचली' म्हणत होती. जैबूनबी तणतणत केंद्रात गेल्या.

वैदेहीने नोंद पाहिली. "चाची, सतारीच्या पडद्यांखाली कुणाचा तरी घाम मुरला होता. ती खूण गिऱ्हाइकाच्या खुणेपेक्षा जोरकस निघाली. यंत्रांनी सतार त्यालाच नेऊन दिली. त्यानं घेतलीसुद्धा."

इर्शादखेरीज ती सतार कुणी वाजवलीच नव्हती. जैबूनबी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. "कुठं हाय माझा पोरगा?"

"ते आम्हालाही दिसत नाही. तशी परवानगीच नाही."

"ऱ्हाऊ दे. घेतली न्हवं त्यानं? म्हंजे जित्ता हाय!"

घरी येऊन त्यांनी कपाट उपसलं. इर्शादची सतार वाजवायची तारेची नखी सापडली. ती न पुसता पाकिटात घातली, यंत्रांना नखीचीच खूण लागावी म्हणून वर कोरी चिठ्ठी लावली आणि आत दोन ओळी लिहिल्या: 'अब्बा गेले. आता रागवायला कुणी नाही, ये.' मग त्या रोज दुकान उघडून रस्त्याकडे डोळे लावून बसू लागल्या. अकरा वर्षांत वाट बघणं एवढं गोड कधी लागलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात पाकीट परत आलं, न उघडलेलं. ते घेऊन त्या केंद्रात गेल्या.

"ही खूण आता आमच्या नोंदणीच्या यादीत नाही, चाची," वैदेही म्हणाली. "नको असलेल्या वस्तू येऊ लागल्या की लोक आपली खूण काढून घेतात. हक्क आहे तो त्यांचा."

"मी सतार धाडली म्हणून?"

वैदेहीने पाकीट त्यांच्यापुढे सरकवलं.

"बरं, नको येऊ दे. पर तो हाय न्हवं? एवढं तरी बघून सांग."

"माणूस गेला तरी यंत्र 'यादीत नाही' हीच ओळ दाखवतं," वैदेही हळूच म्हणाली. "गेल्या महिन्यापर्यंत खूण यादीत होती, तोवर तो आहे एवढं तरी सांगता आलं असतं."