गार हात

घरात एक नियम होता. रुग्णालयातून बरी होऊन निघालेली बाई आभार मानू लागली की हात जोडायचे, आणि पुढे काही म्हणता काही विचारायचं नाही.

घरातल्या थोरल्या नातीने तो लहानपणापासून पाळला होता, तोही दात-ओठ खात. आजारातून उठणाऱ्या बायकांना चार दिवस विसावा मिळावा म्हणून आजोबांनी हे रुग्णालय बांधलं, तिच्या आत्याच्या स्मरणार्थ. आत्या तापाने गेली, एवढंच सगळे सांगत. निघणाऱ्या बायका मात्र हटकून म्हणत, "तुमच्या घरच्या त्या बाईंनी कोपराला धरून चालवलं हो. हात तेवढा फार गार त्यांचा."

घरचं कुणीच तिथे कुणाला चालवत नव्हतं.

यंदा धाकटी बहीणच तिथे होती. ताप उतरला होता, पाय अजून लटपटत होते. संध्याकाळी रुग्णालयाचा वर्धापनदिन. धाकटीने जिना उतरून पाहुण्यांसमोर यावं, असं काकांनी ठरवून टाकलं. डॉक्टर नको म्हणाले, तर काका म्हणे, तेवढ्याने काय होतंय. तिला तयार करायला थोरलीला वर पाठवलं.

लांबट खोलीत फिनेलचा वास होता, पडदे ओढलेले. धाकटी नवी साडी मांडीवर घेऊन खाटेवर बसली होती.

"ऊठ गं, महाराणी."

"ती उठू देत नाही, ताई..."

"कोण?"

"रोज चालवते ती. आज खांदा दाबून बसवते. म्हणते, मलाही पाहुण्यांसाठीच उठवलं होतं... अंगात ताप असताना. माझेच बाबा म्हणाले, ढोंग पुरे. आणि जिन्यातच..."

थोरलीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिथे आधीच एक हात होता. गार, हाडकुळा. त्याने तिची बोटं क्षणभर कुरवाळली.

खाली कचेरीत आजोबा आणि काका वाट बघत होते.

"ती येणार नाही," थोरली म्हणाली. "पुरती बरी होईपर्यंत जिना उतरणार नाही. आणि मीही यापुढे नुसते हात जोडणार नाही. आजोबा, आत्याला उठवलंत तेव्हा तिच्या अंगात ताप होता ना?"

काका आजोबांकडे वळले.

आजोबा तिच्याकडे बघतच नव्हते. तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत होते. मग, आयुष्यात कुणासाठी जागा न सोडलेला तो म्हातारा काठीवर भार देत उठला, आणि आपली खुर्ची हळूच त्या बाजूला सरकवली.