सहा बायकांच्या पाळ्या

झरी जामणीकडच्या त्या गावात वाघ दिसल्यापासून मोहफुलं वेचायला कोणी एकटी जात नसे. रोज दोघी जात. पण हंसाबाईची वटवट सारखी आपल्याच वाट्याला येते म्हणून बबिता कुरकुरली, तेव्हा निवृत्त शिक्षक नागोरावांनी पाळ्या लावून दिल्या. बायका सहा. प्रत्येकीची दुसऱ्या प्रत्येकीशी एकदाच जोडी. पहिलीच्या पाच जोड्या, दुसरीच्या उरलेल्या चार, मग तीन, दोन, एक. पंधरा दिवसांत फेरी पुरी.

सोळाव्या सकाळी हंसाबाई एकटीच निघाली.

"हंसाबाई, एकटी काहून?"

"एकटी कुठी, गुरुजी? सहा पाळ्या रायल्या नं."

आपली थट्टा चालली असावी, असं त्यांना वाटलं. मग वाटलं, आपलंच चुकलं असेल, हल्ली चुकतं. त्यांनी कागदावर पुन्हा मांडणी केली. पंधराच. एकवीस जोड्या व्हायला बायका सात लागतात.

दुसऱ्या दिवशी बबिता एकटी गेली. परतल्यावर त्यांनी तिला आतापर्यंतच्या जोडीदारणी विचारल्या. तिनं पाच नावं घेतली आणि बोटं सहा मिटली.

"सहावी कोण?"

"तुमी बी नं, गुरुजी," ती हसली. "घरी इचारा की."

घरी विचारायचा त्यांना धीर झाला नाही. रोज एकेक जण जात होती, धडधाकट परतत होती. एकविसाव्या सकाळी त्यांच्या बायकोनं, मानीबाईनं, टोपली उचलली.

"आज राहू दे."

"मी नाही गेली तं ते एकटी पडन."

नागोरावांनी तिच्या हातातून टोपली घेतली. "मी जातो."

मोहाखालची जमीन पाचोळा झाडून मोकळी केलेली होती. ते बुंध्याच्या अलीकडे बसले. मान वर केली नाही. कडक जमिनीवर फुलं पडत होती. टप. टप.

पलीकडेही पडत होती.

मग पलीकडचा आवाज थांबला. फुलं कुणाच्या पदरात पडावीत, तसा.

ते उठले. बुंध्याला वळसा घातला.

कोणी नव्हतं. त्या बाजूच्या जमिनीवर एकही फूल नव्हतं.

घरी आले तेव्हा मानीबाई दारातच उभी होती.

"बरी हाय नं ते?"

"डावा गुडघा दुखून राह्यला तिचा," नागोराव म्हणाले, आणि टोपली खाली ठेवता ठेवता तसेच थांबले.

मानीबाईनं मान हलवली आणि चुलीवर वाटीभर तेल गरम करायला ठेवलं.