दोन्हीकडून देवमण

शहरातल्या फ्लॅटमध्ये कुत्र्याऐवजी घोडा पाळायची टूम निघाली, त्याला दौलतसिंग गिरासे कारणीभूत. कमरेएवढे बुटके घोडे त्यांनी शहाद्याजवळच्या आपल्या तबेल्यात पैदा केले होते. घोडे लिफ्टने वर जात आणि गॅलरीत गवत खात. हौसेला मोल नसतं, दुसरं काय!

त्या सकाळी चंद्री घोडी व्याली, पण शिंगरू उठेना. त्याचे पुढचे पाय गुडघ्यापासून बाहेर वळले होते. दौलतसिंगांनी भाचीला, जनावरांच्या डॉक्टर चारुशीलाला, बोलावलं. तिने जनुकवाचक शिंगराच्या कानाला लावला. काडेपेटीएवढं ते यंत्र रक्ताच्या थेंबावरून आईबापाकडून आलेले गुणदोष सांगायचं.

"मामा, घोड्याच्या पायातलं एक हाड लाखो वर्षांत आखडत गेलंय. याच्यात ते पुरतं वाढलंय. बुटकेपणाचं जनुक एकाकडून आलं तर घोडा नुसता लहान राहतो. दोघांकडून आलं की असं होतं."

"दोघांकडून कसं येईल? चंद्री मी स्वतः निवडली, गळ्यावर देवमण बघून."

"चंद्रीचा बाप कोण?"

शिंगराचं डोकं मांडीवर घेत दौलतसिंगांनी पलीकडे बांधलेल्या घोड्याकडे पाहिलं. देवमण हा गळ्यावरचा शुभ भोवरा त्यांच्या त्या एकाच घोड्याला होता, आणि विकलेले बुटके घोडे सगळे त्याचीच पैदास. आजवर त्याला बाहेरच्या घोड्या दाखवल्या. गेल्या वर्षी त्याच्या लेकी वयात आल्या, त्याही देवमण घेऊन. दोन्हीकडून देवमण म्हणजे दुधात साखर, असं म्हणत त्यांनी बापलेकीचीच जोडी लावली होती. आधी तपासू या, असं चारुशीला म्हणाली तेव्हा ते हसले होते.

"आता जनुकं दुरुस्त करतात ना गं?"

"गर्भ राहिल्या राहिल्या. आता वाढलेलं हाड नाही बदलत, मामा. हा नुसता कळा सोसत राहील."

तिने सुई भरली. शिंगराने त्यांच्या मांडीवर जीव सोडला. "माझ्या हौसेपायी आलास रे बाबा," म्हणत दौलतसिंग हमसून रडले.

मग त्यांनी घोडे नेलेल्या एकेकाला फोन लावला. जोडी लावू नका, आधी तपासा, एवढंच सांगायचं होतं. नाशिकच्या केतकरबाईंनी त्यांना मध्येच थांबवलं.

"पण काका, दोन्हीकडून देवमण बघा, असं तुम्हीच तर सांगितलं होतं. आमच्या घोडीचे दिवस भरत आलेत. तिचं शिंगरू उभं राहील ना हो?"