रिकामा डबा परत देऊ नये

ही गोष्ट खरी आहे. माझा मित्र नागेश आणि त्याची आई, दोघंही आज हयात आहेत. पटत नसेल तर सोडून द्या, पण तो डबा मी स्वतःच्या हातात धरलेला आहे.

आणि घडलं ते अमावास्येच्या रात्री वगैरे नाही. भर दुपारी. गेल्या डिसेंबरात, आदिलाबाद जिल्ह्यात, गुडीहत्नूरच्या अलीकडे.

नागेश पांढरकवड्याला कारकून आहे. आईला, म्हणजे चंद्रभागाबाईंना, गाडीत घालून तो निर्मलला लग्नाला निघाला होता. आदिलाबादच्या पुढे तो आयुष्यात पहिल्यांदाच जात होता. माणूस चांगला, पण जेवायच्या बाबतीत नाकावर माशी बसू देणार नाही. आदिलाबादेत आईनं दोन खानावळी दाखवल्या. एकीला मोबाइलवर तीनच तारे म्हणून नको, दुसरीच्या दारात चपलांची गर्दी म्हणून नको.

“चपला लय हाय म्हंजे जेवन चांगलं हाय रे,” चंद्रभागाबाई म्हणाल्या. पण ऐकतो कोण?

त्यांना साखरेचा आजार. आधी इन्सुलिनची सुई, मग लगेच जेवण. जेवण चुकलं तर साखर इतकी उतरते की माणूस बसल्या जागी जातो.

मोबाइलनं साडेचार ताऱ्यांचं हॉटेल दाखवलं. अगदी जवळ.

“घे सुई आई, पोचलोच आपण.”

त्यांनी घेतली.

हॉटेलला कुलूप होतं.

नागेशचा पारा चढला. पुढचं हॉटेल रस्ता रुंद करताना पाडलेलं. त्याच्या पुढचं तर नव्हतंच, नुसतं कुंपण. आणि मोबाइल खुशाल सांगतोय, जेवण उत्तम, जरूर या! बिस्किटांची पिशवी घरी टेबलावर राहिलेली.

“नागेश... हात थरथरून राह्यले रे...”

त्यानं मोबाइलला शिव्या घातल्या, हॉटेलवाल्यांना घातल्या, स्वतःलाही घातल्या. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.

तेवढ्यात मोबाइलवर आणखी एक ठिकाण उमटलं. नाव नाही. तारे नाहीत. कपाशीतून जाणारा कच्चा रस्ता फक्त.

गाडी थांबली, आणि आवाज आला...

थप... थप... थप...

कुणीतरी भाकरी थापत होतं.

कुडाची खोली. पेटलेली चूल. चुलीला धूर नव्हता, उघड्या भाजीवर एक माशी नव्हती. हे सगळं नागेशला नंतर आठवलं. तेव्हा त्याला फक्त भाकरी दिसली.

चुलीपुढची बाई वर न बघताच म्हणाली, “आधी गूळ खाय बाई. सुई घेतली ना तू?”

तिला कुणी सांगितलं होतं?

गूळ झाला. मग ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी. चंद्रभागाबाईंच्या तोंडावर रंग आला. नागेशनं ताटली पुढे केली, तर बाई म्हणाली, “तुले नाही. तुह्या पोटात भूक नाही, राग हाय.”

निघताना तिनं स्टीलचा डबा भरून दिला.

“वापस आनजो. पन रिकामा नोको आनू.”

हे काही नवीन नाही. शेजारणीचं भांडं रिकामं परत देत नाहीत, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं.

लग्न आटोपून परतताना त्यांनी डब्यात बुंदी भरली. कच्चा रस्ता सापडला, खोली नाही. कपाशीच्या कडेला चुलीचे तीन काळे दगड तेवढे होते.

शेतात उत्तमराव नावाचे म्हातारे कापूस वेचत होते. “मालनबाईची खानावळ व्हती इथं. तिले साखर व्हती. एक दिवस सुई घेतली अन् गिऱ्हाईक आलं. सगळ्यायले वाढलं तिनं... सोताच जेवाची राह्यली. इथंच चुलीपाशी गेली.”

दगडांवर डबा ठेवून नागेश पळाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी स्वयंपाकाच्या ओट्यावर... डबा.

घासलेला. भरलेला. भाकरी गरम.

“पाह्य, तिनंबी रिकामा नाही धाडला,” चंद्रभागाबाई म्हणाल्या, आणि जेवायला बसल्या.

मग हे चालूच राहिलं. यांनी डबा भरून दगडांवर नेऊन ठेवायचा, तिनं भरून धाडायचा. डबा यायच्या आधी ओट्याकडून भाकरी थापल्याचा आवाज यायचा. दोघीही रीत मोडेनात. हळूहळू चंद्रभागाबाईंना दुसरं अन्न उतरेना. सुनेनं केलेलं नको, हॉटेलातलं नको. नागेश चांगलं जेवण शोधत नांदेडपर्यंत फिरला. आईनं प्रत्येक ताट सरकवलं.

त्याचं डोकं फिरलं. मागच्या महिन्यात त्यानं डबा नेला आणि दगडांवर आदळला.

रिकामा.

“घे तुझा डबा! आता पुरे!”

दुसऱ्या दिवशी दुपारी चंद्रभागाबाईंनी सवयीनं सुई घेतली आणि ताट मांडून बसल्या.

थप... थप...

आवाज थांबला.

डबा ओट्यावर होता. नागेशनं झाकण उघडलं.

रिकामा. घासून पुसून लख्ख.

आईचे डोळे फिरले होते. नागेशनं साखर तोंडात कोंबली, दवाखान्यात धावला. वाचल्या कशाबशा.

गेल्या आठवड्यात त्यानं स्वतः भाकऱ्या थापल्या, वाकड्यातिकड्या. डबा काठोकाठ भरला. चुलीच्या दगडांपुढे नाक घासून आला.

डबा अजून आलेला नाही.

चंद्रभागाबाई रोज दुपारी ताट मांडतात आणि बाही वर करतात.

“दे सुई नागेश. येतच असंन डबा.”

आणि नागेश सुई हातात धरून उभा राहतो, कान ओट्याकडे लावून.