विषाणूवरचे शिक्के

मज्जारोपण विभागाच्या मुख्य परिचारिका रूथ साळवे बत्तीस वर्षं नोकरीत होत्या. एवढ्या काळात तापाची रजा एकही नाही, आणि हे त्या दिवसातून एकदा तरी कुणाला ऐकवतच. आज मात्र प्रयोगशाळेत शिरतानाच त्यांचा पारा चढलेला होता. त्यांच्या विभागातली एकोणीस वर्षांची रुग्ण अनुजा फ्लूनं तापली होती. नवी मज्जा अजून रुजली नव्हती, त्यामुळे दुसऱ्याला दोन दिवस झोपवणारा ताप तिच्या जिवावर बेतू शकत होता.

"सफाईचे यल्लाप्पामामाच असणार," त्या म्हणाल्या. "सुई म्हटलं की पळतात. यंदाही लस घेतली नाही. आजच घरी बसवते त्यांना."

"थांबा सिस्टर." डॉ. मिथिला खानोलकरांनी वंशशोधक यंत्राचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "विषाणू ज्या शरीरात वाढतो, त्याची खूण त्याच्या जनुकांवर उमटते. पत्रावर टपाल कचेऱ्यांचे शिक्के बसत जातात ना, तसं. अनुजाच्या आधीचा शिक्का कुणाचा, ते हे यंत्र सांगतं. इथल्या आजी-माजी सगळ्या कर्मचाऱ्यांचे जनुकठसे त्यात आहेत."

पडद्यावर नाव उमटलं. रूथ साळवे.

"काहीतरीच काय! मला साधी शिंकसुद्धा आलेली नाही."

"पुष्कळांना येत नाही. विषाणू तरीही बाहेर पडत राहतो. तुम्ही लस घेतली होती ना?"

रूथनी अडखळत सांगितलं. मामा सोडले तर विभागात रूथ धरून कर्मचारी एकवीस. कुपी दहा डोसांची, आणि फोडली की त्याच दिवशी संपवायची. दरवर्षी त्या स्वतः सगळ्यांना टोचत, दोन कुप्या संपत आणि एकटीसाठी तिसरी फोडून नऊ डोस फेकणं त्यांच्या जिवावर येई. मला कुठं काय होतंय, असं म्हणून त्या यादीत आपल्या नावापुढेही खूण करून टाकत.

हे ऐकल्यावर मिथिला म्हणाल्या, "सिस्टर, ती लस तुमच्यासाठी नव्हतीच. अनुजासाठी होती."

रूथनी विचारलं, "वाचेल ना पोर?"

"औषध वेळेवर सुरू झालंय. वाचेल असं वाटतं."

रूथ तरीही जागच्या हलल्या नाहीत. "जुने नमुने शीतपेटीत असतील ना? अकरा वर्षांत माझ्या विभागात सात जण फ्लूनं गेले. तपासा."

"कशाला जिवाला लावून घेता?"

"तपासा, डॉक्टर."

यंत्रानं तासभर घेतला. दोन शिक्के अनोळखी निघाले, बहुधा भेटायला आलेल्या नातेवाइकांचे. उरलेल्या पाचांपुढे एकच नाव होतं.

रूथनी पदरानं डोळे पुसले. "सरोजिनी घोलपचा शिक्का कुठेच नाही?"

"नाही. कोण ही?"

"माझ्या हाताखालची परिचारिका. या पाचांतला एक गेला, तेव्हा तिला सर्दी होती. तूच मारलंस त्याला, असं मी तिला सगळ्यांसमोर म्हणाले. तिनं हे कामच सोडलं." रूथनी फोन काढला. नंबर त्यांनी अजून पुसला नव्हता. मिथिला दाराकडे वळल्या, तशा त्या म्हणाल्या, "तिला सांगायला हवं. तुम्ही बाहेर नका जाऊ डॉक्टर, इथंच थांबा. तेव्हा सगळ्यांसमोर बोलले होते, हेही कुणासमोर तरी बोलायला हवं."