सनदेतल्या तीन पुसट ओळी

ग्रिझल इनीसने केलेली नक्कल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. किलफारन गावात कुणालाही विचारा, हेच सांगेल. एडिंबरोच्या पुराणवस्तू मंडळातले विद्वान तिच्या हातचे कागद छापायला पाठवताना पुन्हा तपासत नसत. जुन्या लेखनिकाने चूक केली असेल, तर ती चूकही ग्रिझल तशीच उतरवायची. आणि जे वाचताच येत नाही, तिथे टिंबं द्यायची. ज्याला शंका असेल त्याने यावं, मूळ चामड्यावर डोळे फोडून घ्यावेत आणि टिंबांच्या जागी एक तरी अक्षर दाखवावं, असं आव्हान ती भर चर्चच्या दारात देत असे. गर्विष्ठ होती बाई. पण तो गर्व आम्हाला आवडायचा, कारण तो आमच्याच गावचा होता.

त्या दिवशी ती नेहमीप्रमाणे लेखण्या, शाईची दौत आणि फडक्यात बांधलेली ओटची भाकरी घेऊन चर्चशेजारच्या पंचांच्या बैठकीच्या खोलीत आली. जून महिना होता. आमच्याकडे जूनमध्ये धड रात्र होत नाही, आणि समुद्रावरून धुकं चढलं की धड दिवसही होत नाही. खिडकीबाहेर मठाच्या पडक्या भिंती होत्या, त्याही दिसत नव्हत्या. टेबलावर किलफारन मठाची सनद उलगडून ठेवलेली होती. सहाशे वर्षांचं वासराचं कातडं, खाली लोंबणारा मेणाचा शिक्का.

ही सनद एरवी लेअर्डच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, लोखंडी पेटीत असायची. छापील पुस्तकात आपल्या पूर्वजाचं नाव येणार म्हणून लेअर्ड फुशारला आणि एका दिवसापुरती ती बाहेर आली. चहाच्या वेळी त्याचा कारभारी टेलफर ती परत न्यायला येणार होता.

गावाचा जीव त्या कातड्यात अडकला होता. आमच्या चुली पेटतात त्या ऑखगॅरनच्या दलदलीवर. तिथला पीट, म्हणजे ती काळी जळाऊ माती, विटांसारखी कापायची, वाळवायची आणि वर्षभर जाळायची. ती दलदल मठाने गावाला कायमची दिली, असं आमचे आजे-पणजे सांगत आले. पण त्या वर्षी टेलफरने तिथे पाटी ठोकली की यापुढे कुणी कुदळ लावली तर तुरुंग. न्यायालय म्हणालं, आजोबांच्या गोष्टी नकोत, लेख दाखवा. लेख होता तो हाच, आणि संध्याकाळी तो पेटीत गेला की पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडणार नव्हता.

दुपारपर्यंत ग्रिझलची नक्कल झाली. अडली फक्त तीन ओळींपाशी. अगदी दलदलीच्या हद्दींचं वर्णन यायला हवं तिथेच कधीतरी ओल लागली होती आणि शाई धुऊन गेली होती. तिने कातडं उजेडाकडे तिरकं धरलं, भिंग लावलं, खालून मेणबत्ती धरली. काही नाही. जुनी शाई जागी करणारं माजूफळाचं पाणी तिच्या कपाटात होतं. ते लावलं की अक्षरं घटकाभर वर येतात आणि मग ती जागा कायमची काळी पडते. तिने आयुष्यात ते एकदाही वापरलं नव्हतं. आजही तिने कपाटाकडे पाहिलं आणि मान फिरवली.

एल्स्पेट मच पाठीवरच्या टोपलीतून शेकोटीला पीट घेऊन आली. मासे विकणारी, जिभेची फटकळ. तिचा नवरा डॉवित चर्चच्या पंचांपैकी एक होता.

"सापडली का दलदल?" तिने विचारलं.

"जागा सापडली. अक्षरं गेलीत."

एल्स्पेट मटकन बसली. "म्हंजे झालंच की. ही टोपली शेवटची, ग्रिझलबाई. गेल्या हिवाळ्यात माझ्या नातीला मी मेंढरांमधी निजवली ऊब मिळावी म्हणून. औंदा मेंढरंबी इकली."

ग्रिझलने भिंग पुसून खाली ठेवलं.

"घाल की चार शब्द. तू लिहिलंस तर कोण न्हाई म्हनंल? तुझ्या हातचं खोटंबी खरं ठरंल."

"म्हणूनच नाही घालत."

"मग त्या इमानाची शेकोटी कर आन् शेकत बस," असं म्हणून एल्स्पेट टोपली रिकामी करून निघून गेली. डोळे मात्र भरले होते तिचे.

तो शब्द ग्रिझलला लागला. तिने एल्स्पेटने आणलेला एक पीट शेकोटीत सारला. मग लेखणी बुडवून, जिथे टिंबं द्यायची तिथे, तिने जुन्या लॅटिनमध्ये, जुन्याच वळणात लिहिलं: ऑखगॅरनची दलदल, गावच्या लोकांना, सदासर्वकाळ. अक्षर इतकं सुंदर उमटलं की तिला स्वतःचीच भीती वाटली.

आता उरलं ताडून पाहणं. नक्कल एकाने मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने मुळावर बोट ठेवायचं आणि ओळ जुळली की हुंकार द्यायचा, अशी ती रीत. वीस वर्षं हे दुसरं काम तिच्या वडिलांनी, आमच्या जुन्या पाद्रीबाबांनी केलं. ते मागच्या वर्षी गेले. आता तिला एकटीलाच दोन्ही करावं लागे. तिने सनद सवयीने टेबलाच्या पलीकडे, रिकाम्या खुर्चीसमोर सरकवली आणि पहिली ओळ वाचली.

"हं..."

ती थांबली. शेकोटीत पीट फुसफुसला असेल. तिने दुसरी ओळ वाचली.

"हं..."

मिटल्या तोंडाने, नाकातून काढावा तसा आवाज. पलीकडून. खुर्ची रिकामी होती. पण खोलीत वास आला होता, कुजक्या शेवाळाचा आणि साचलेल्या काळ्या पाण्याचा, आणि खिडकीतलं धुकं आत आल्यासारखं टेबलाचं ते टोक अंधुक झालं होतं.

"बाबा...?" ती कुजबुजली.

तिसरी ओळ वाचल्याशिवाय उत्तर येणार नव्हतं, हे तिला कळलं. तिने मागे वळून पाहिलं. दार चार पावलांवर होतं. पण इनीसांच्या घरातलं कुणी ताडणी अर्धी टाकून उठलं नव्हतं, आणि तिने पुढे वाचायला सुरुवात केली. एकेक ओळ, एकेक हुंकार. मधे तिने एका नावाचा उच्चार घाईत चुकवला, तर हुंकार आला नाही. तिने तो सुधारला. आला. भीतीच्या पोटात तिला अभिमानही वाटला. कुणीही असो, काम जाणणारा होता.

मग ती ओळ आली. स्वतः रचलेली. तिने ती ठणठणीत आवाजात वाचली.

शांतता.

पुन्हा वाचली. शेकोटीचा आवाजही थांबला. दौतीवर पातळ बर्फ धरलं, जून महिन्यात. समोरून काहीतरी तिच्याकडे वाकलं. दिसलं नाही, पण काळ्या पाण्याचे थेंब टेबलावर पडू लागले, तिच्या हाताच्या जवळ... आणखी जवळ...

"ते माझं आहे," ग्रिझल म्हणाली. "तुमचं नाही. चुकले मी."

तिने सुरी घेतली आणि ते सुंदर अक्षर खरवडून काढलं. कागद मात्र फाटू दिला नाही. तिथे टिंबं दिली, तीन ओळी भरून. टिंबं देताना ती रडली, कारण प्रत्येक टिंबासरशी एकेका घराची चूल विझत होती. मग ती म्हणाली, "इथे वाचता येत नाही."

"हं..."

हा हुंकार अगदी कानाशी आला, आणि मऊ होता.

टेलफर आला तेव्हा टेबल कोरडं होतं. त्याच्याबरोबर पंच म्हणून डॉवित मच आला होता, आणि काय निकाल लागतो ते बघायला एल्स्पेट. टेलफर एडिंबरोचा शिकलेला. नाकाने कांदे सोलायचा आणि आमची बोली ऐकली की कानांत बोटं घालायचा.

"मिस इनीस, तुमची नक्कल मी तपासणार," तो म्हणाला. "गावाच्या मायेपोटी एखादा शब्द जास्तीचा पडला असला तर? मी मूळ वाचतो, तुम्ही नकलेवर बोट ठेवा."

"जरूर वाचा. एक अक्षर कमीजास्त निघालं, तर ही लेखणी मी जाळून टाकीन."

तो त्या पलीकडच्या खुर्चीत बसला. ग्रिझलने त्या खुर्चीकडे एकदा पाहिलं आणि नकलेवर बोट ठेवलं. टेलफर सफाईदार लॅटिन वाचू लागला. ओळीमागून ओळ जुळत गेली. तो पुसट जागेपाशी आला, ती बघून हसला, "इथे तर काहीच..." म्हणाला.

आणि थांबला नाही. त्याचं बोट त्या कोऱ्या कातड्यावरून सरकू लागलं. तोंडातून लॅटिन गेलं आणि आमच्या किनाऱ्याची बोली बाहेर पडली, तीही कितीतरी जुनी, घोगऱ्या आवाजात.

"ऑखगॅरनची दलदल... वढ्यापास्नं त्या उभ्या धोंड्यापत्तूर... ह्या किनाऱ्यावर चूल पेटवील त्येची. आमी दिली. कापा, वाळवा, जाळा. लेकरं हाईत तवर... आन् जो ही चूल इझवंल, त्येला ऊब मिळू न्हाई... जित्तेपणी न्हाई, मातीतबी न्हाई..."

बोट तिसऱ्या ओळीच्या टोकाला पोचलं. पुढच्या ओळीपासून पुन्हा सफाईदार लॅटिन सुरू झालं. सनद संपली तशी त्याने मान वर केली.

"असे काय बघताय सगळे? बरोबर आहे नक्कल. तीन ओळी रिकाम्या, दोन्हीकडे. दलदलीचा उल्लेखही नाही." त्याला ठसका लागला. त्याने रुमालाने तोंड पुसलं. रुमालावर तपकिरी पाण्याचा डाग पडला. तो बघून त्याचा चेहरा उतरला, आणि सनद गुंडाळून तो भरभर निघून गेला.

"ऐकलंस न्हवं?" डॉवित हळूच म्हणाला.

"शब्दनशब्द," एल्स्पेट म्हणाली. तिने ॲप्रन दोन्ही मुठींत धरला होता. "आता लिही की गं त्या टिंबांवर. त्येच्याच तोंडून आलंय."

"तुम्ही ऐकलंत, तुम्ही सांगा," ग्रिझल म्हणाली. "मला दिसलं नाही."

त्यांनी सांगितलं. न्यायालयात शपथेवर, दोघांनीही, एकाही शब्दाचा फरक न करता. समोरच्या वकिलाने एल्स्पेटची पुष्कळ टर उडवली. तिने त्याला भर कचेरीत विचारलं की साहेब, तुमची शेकोटी कोण पेटवतं. मग न्यायाधीशांनी ग्रिझलची नक्कल मागवली. त्या टिंबांकडे ते फार वेळ बघत बसले आणि म्हणाले, इतका मोह असताना जिने इथे काही लिहिलं नाही, तिच्या खोलीत खोटी साक्ष तयार झाली असेल असं मला वाटत नाही. शेवटी टेलफरला शपथ देऊन विचारलं की तू काय वाचलंस. तो उभा राहिला, तोंड उघडलं, आणि मिटलं. ते त्याने पुन्हा उघडलंच नाही. दलदल गावाची झाली. त्या दिवशी किलफारनमध्ये चर्चची घंटा इतकी वाजवली की दोर तुटला, आणि डॉवितने ग्रिझलला खांद्यावर बसवायचा हट्ट धरला. ती बसली नाही, पण मान मात्र अशी ताठ धरून गावातून चालली की आजही त्याची गोष्ट सांगतात.

पुढच्या मे महिन्यात पहिला पीट कापायला सगळं गाव दलदलीत उतरलं. पहिली कुदळ डॉवितची. उभ्या धोंड्याच्या पायथ्याशी, हातभर खोल, ती मऊ कशाला तरी अडली. त्यांनी माती हातांनी बाजूला केली. माणूस होता. दलदलीत काही कुजत नाही. अंगावर मठातल्या साधूचा झगा, चामडं होऊन तपकिरी पडलेला चेहरा, उजव्या हाताची बोटं लेखणी धरल्यासारखी जुळलेली. शेकडो वर्षं झाली असतील.

पुरुषांनी टोप्या काढून छातीशी धरल्या. ग्रिझल चिखलात गुडघे टेकून बसली आणि तिने त्याच्या चेहऱ्यावरचं शेवाळ रुमालाने पुसलं. तोंड उघडं होतं. आत जीभ नव्हती; अशा तोंडातून निघतो तो फक्त हुंकार, हे ग्रिझलला कळलं. कुणीतरी ती मुळापासून, धारदार सुरीने कापून घेतली होती.

सगळं अंग वाळल्या चामड्यासारखं काळंतपकिरी होतं. फक्त ती कापलेली जागा लाल आणि ओली होती.